सातव्या भागाचं खोटं भाषांतर

आत्याला मी एका जपानी मालिकेचे अकरा भाग वाचून दाखवले. पहिले सहा खरे होते. सातव्यापासून पुढचं सगळं मी माझ्या मनानं रचून सांगितलं.

हे लिहायला मला लाज वाटते, कारण भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. नगरच्या कोर्टाच्या आवारात एका वकिलाच्या ऑफिसात कोपऱ्यातलं टेबल माझं आहे. सातबारा, खरेदीखतं, जबाब, फारकतीचे कागद मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करते. शहराचं नाव बदललं, तेव्हापासून कागदावर अहिल्यानगर लिहिते आणि तोंडानं नगर म्हणते. प्रत्येक कागदाखाली, भाषांतर मुळाबरहुकूम आहे असं लिहून सही ठोकते. एखादा पक्षकार लाडीगोडी लावत म्हणाला, ‘मॅडम, एवढा एक शब्द जरा मवाळ करा ना’, की मी त्याचे कागद त्याच्या हातात देऊन त्याला उठवते. फटकळ बाई म्हणून माझी तिथे ख्याती आहे आणि मला तिचा थोडा गर्वही होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मी चार वर्षांची असताना आई गेली, आणि त्याच साली आत्या नवऱ्याचं घर सोडून आमच्या भिंगारच्या घरी आली. सरळ आली नाही. आधी ती देवळाली प्रवऱ्याला, थोरल्या बहिणीच्या दारात गेली होती. गाल सुजलेला, एक डोळा मिटलेला. थोरल्या आत्यानं तिला जेवू घातलं, हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, “नांदायला जा. दुखतं चार दिस, मंग जातं.” आत्या उठली, पिशवी घेतली आणि उंबऱ्यावरून म्हणाली, “पुन्यांदा यीन तर धडधाकट यीन. असलं तोंड घिऊन तुझ्या दारात न्हाई यायची.” तिथून एसटीनं नगर आणि नगरहून भिंगार.

त्यानंतर चाळीस वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. देवळाली आमच्यापासून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. लग्नाकार्यात दोघी यायच्या आणि मांडवाच्या दोन टोकांना बसायच्या. थोरली आडून माझ्या वडिलांना विचारायची, “जेवली का ती?” आणि आत्या मला विचारायची, “पांढरी झाली का गं लई?” म्हणजे केस. दोघींच्या भांडणातला राग कधीच संपला होता. उरला होता तो नुसता हट्ट, आणि हट्टाला आमच्या घराण्यात कुणी हात लावत नाही.

आत्यानं मला वाढवलं आणि माझ्याबरोबर भिंगारमधल्या निम्म्या साहेबांची पोरंही. कॅन्टोन्मेंटच्या बंगल्यांवर ती आया म्हणून जायची. एका घरातलं पोर बोबडं बोलायला लागेपर्यंत साहेबाची बदली व्हायची. काळ्या ट्रंका व्हरांड्यात यायच्या, पोर रडायचं, मेमसाब एखादी जुनी साडी द्यायची आणि आत्या दुसऱ्या बंगल्याची घंटी वाजवायची. त्या पोरांपैकी एकानंही पुढे तिला पत्र लिहिलं नाही. मी चिडायचे. ती म्हणायची, “त्यांना काय ठाव मी कोन ते? ल्हान हुती ती.” माझ्या लग्नानंतर नवरा आमच्याच घरी राहायला आला, वडील गेले, माझी लेक झाली, ती पुण्याला शिकायला गेली, आत्या होती तिथेच होती.

गेल्या श्रावणात तिचे डोळे पिवळे झाले. नगरला एका दवाखान्यात दाखवलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला बाहेर बोलावलं. स्वादुपिंडात गाठ आहे, यकृतात पसरली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. पित्ताच्या नळीत स्टेंट टाकू म्हणजे पिवळेपणा उतरेल आणि खाज थांबेल, एवढंच. मग ते म्हणाले, “त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. कुणाला भेटायचं असेल तर लवकर भेटवा.” डॉक्टर तरुण होते, बोलणं स्वच्छ होतं. मला त्यांचा राग आला.

नवरा जिन्याजवळ म्हणाला, “आत्यांना काही सांगायचं नाही.” मी मान हलवली. आमच्याकडे पेशंटला कुणी सांगत नाही. शेजारीपाजारी, भाचे-पुतणे, दूधवाला, सगळ्यांना माहीत असतं. ज्याचं दुखणं त्याला तेवढं ठाऊक नसतं. यात विचार करण्यासारखं काही असतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

आत गेले. आत्या पदर सारखा करून बसली होती.

“काय म्हनला डाक्टर?”

“कावीळ आहे,” मी म्हणाले. “मुरलीय जरा. उतरेल हळूहळू.”

तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघून मला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

पण काविळीला पथ्य असतं, हे मी विसरले. आणि आत्यानं ते विसरणं शक्य नव्हतं. बंगल्यांवर राहून तिच्या अंगात लष्करी शिस्त भिनली होती. घरी येताच तिनं फर्मान काढलं: तेल बंद, तिखट बंद, मासळी-मटण बंद. मुगाच्या डाळीचं पाणी, मऊ भात, लाह्या आणि उसाचा रस. आत्याचा जीव कशात होता, तर सुकटीच्या चटणीत आणि तव्यावर भाजलेल्या बोंबलात. बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईशी तिची पंचवीस वर्षांची मैत्री होती. तिनं माझ्यासमोर बोंबलाचा डबा शेजारणीला देऊन टाकला. “घरात वास नगं. जीव जातो.”

एका रविवारी मी मटणाचा रस्सा केला, पातळ, कमी तिखट, आणि वाटीभर तिच्यापुढे नेला. म्हटलं, “डॉक्टर म्हणाले, थोडं चालेल.” तिनं वाटीकडे पाहिलं. नाकपुड्या हलल्या. मग वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, “तुला काय कळतं गं डाक्टरचं? कावीळ उलटली म्हंजी मानूस हातात घावत न्हाई. बरी झाल्यावं खाईन की.”

मी वाटी आत नेली. ते मटण मी आणि नवऱ्यानं स्वयंपाकघरात, दार लोटून खाल्लं. टाकून देणं आमच्यात बसत नाही. असं चार महिने चाललं. जगाच्या पाठीवर तिला खायला काही मना नव्हतं, आणि ती मुगाचं पाणी पिऊन जगत होती, नसलेल्या काविळीचं पथ्य पाळत.

मालिका आली ती लेकीमुळे. तिनं तिचा जुना टॅब आमच्याकडे ठेवला होता. ती म्हणाली, “आत्याआजीला दाखव. भांडणं नाहीत, मारामाऱ्या नाहीत, काहीच घडत नाही. तिला आवडेल.” बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. आत्याला दोन्ही येत नव्हतं. म्हणून कोर्टातून आल्यावर, चहा झाला की मी तिच्या पलंगाला टेकून बसायचे आणि खालच्या ओळी मराठीत मोठ्यानं वाचायचे. ती वीस मिनिटांत थकायची. एक भाग कधी दोन दिवस चालायचा, कधी तीन.

आत्या त्याला कार्टून म्हणायची, पण पदर नीट घेऊन बघायची. गोष्ट अशी: डोंगरातल्या नदीकाठी एक घर आहे, तिथे दुखणाईत लोक येतात. घरात एक वयस्कर बाई आहे आणि तिच्या हाताखाली एक मुलगी, कुठल्याशा उजाड झालेल्या गावातून आलेली. दोघींना जादू येते, पण ती फार बारीक जादू. पाण्याच्या भांड्यावर हात धरला तर दोन तासांनी पाणी कोमट होतं.

“मंग चूल का न्हाई पेटवत?” आत्यानं पहिल्याच भागात विचारलं.

“जादूनं तापलेलं पाणी औषधी असतं, असं म्हणतायत.”

“दोन तासात मानूस मरंल की.” पण तिनं बंद कर म्हटलं नाही. पाणी कोमट होईपर्यंत आम्ही दोघी त्या भांड्याकडे बघत बसलो. मीही. दिवसभर कोर्टात लोकांची तावातावाची भांडणं इंग्रजीत लिहायची आणि संध्याकाळी पाणी तापताना बघायचं, हे मला मनापासून आवडायला लागलं होतं.

चौथ्या भागात एवढंच घडतं: ती मुलगी आल्यापासून आपली ओली शाल दाराबाहेरच्या दगडावर वाळत घालत असते. एक दिवस वयस्कर बाई काही न बोलता आतल्या भिंतीवर एक खुंटी ठोकते. मुलगी आधी खुंटीकडे बघते, मग शाल तिथे अडकवते. भाग संपतो.

आत्या म्हणाली, “मागं घे जरा.”

मी मागे घेतलं. तिनं ते तीनदा बघितलं. मग म्हणाली, “बंगल्यावं मला खुंटी न्हवती. सगळीकडं पिशवी पायपुसन्याशेजारी ठिवायची.” थोड्या वेळानं म्हणाली, “हितं तुझ्या बापानं ठोकली हुती. मी आले त्याच दिशी.” मला ही गोष्ट माहीत नव्हती. ज्या खुंटीवर तिची पिशवी लहानपणापासून बघत आले, ती कुणी कधी ठोकली असेल असा प्रश्न मला पडलाच नव्हता.

सातवा भाग लागला तो आश्विनातला रविवार होता. मीही तो पहिल्यांदाच बघत होते, ओळ आली की वाचायची, एवढंच. एक म्हातारी त्या घरी येते. माग चालवणारी, बोटं वाकडी झालेली, धाप लागलेली. मुलगी तीन दिवस तिच्या छातीवर हात धरून बसते. चौथ्या दिवशी वयस्कर बाई म्हातारीसमोर बसते, तिचे दोन्ही हात हातात घेते आणि तिच्या डोळ्यांत बघून एक वाक्य बोलते. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. अर्थ असा होता: मी तुला बरं करू शकत नाही. तुला कुणाच्या दारी जायचंय ते सांग, मी तिथवर पोचवते.

मी तोंड उघडलं आणि अडकले. आत्या पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“काय म्हनली?”

“ती म्हणते,” मी म्हणाले, “तू बरी होशील. बरी झालीस की तुला घरी पोचवते.”

पुढे ती मुलगी म्हातारीला बैलगाडीत घालून निघते. दहा-अकरा मिनिटं नुसती गाडी चालते. कुणी बोलत नाही. त्यामुळे मला खोटं सांगायची गरजच पडली नाही, आणि तेच जास्त वाईट झालं.

आत्या म्हणाली, “बरी झाली तर मंग निजून का चाललीय?”

“थकलीय. लांबचा रस्ता आहे.”

“व्हय, काविळीनं पन लई थकवा येतो.” तिनं स्वतःच समजूत काढली. शेवटी मिठागराकाठचं गाव दिसतं, एका घरातून धूर निघताना दिसतो, म्हातारी मान उचलते. मग मुलगी रिकामी गाडी घेऊन परत येते. आत्यानं समाधानानं श्वास सोडला.

“म्हंजी आदी बरं व्हायाचं, मंग आपल्या मानसाकडं जायाचं. बराबर हाय. मी बी बरी झाले की थोरलीकडं जानार. चालत जाईन स्टँडवरनं. बघू दे तिला.”

चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकत होते. मला केवढा आनंद झाला सांगू! एका खोट्या वाक्यानं मी आत्याला जगायला कारण दिलं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात मी सगळ्यांना चहा पाजला. खरं वाचलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, कुणाच्या दारी जायचं म्हणाली असती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी मी हुशार.

त्यानंतरचे भाग मी बिनधास्त बदलत गेले. चित्रात कुणी डोळे मिटले की मी म्हणायचे, झोप लागली. कुणी रडलं की म्हणायचे, आनंदानं. आत्याला सगळं पटत होतं. तिला पटवून घ्यायचंच होतं.

दिवाळीला लेक आली. संध्याकाळी आम्ही नववा भाग लावला, तीही येऊन बसली. माझं वाचन ऐकून ती माझ्याकडे बघायला लागली. मी नजर चुकवली. नंतर स्वयंपाकघरात तिनं मला गाठलं.

“आई, तू भलतंच सांगतेयस.”

“हळू बोल.”

“सातवा भाग काय सांगितलास तिला?”

मी सांगितलं. लेक म्हणाली, “आई, अख्खी मालिकाच त्या एका वाक्यावर आहे. त्यांना बरं करता येत नाही, म्हणून तर त्या घरी पोचवतात.”

“ती गोष्ट आहे. इथे माणूस आहे.”

“मग त्या माणसाला उद्या गाडीत घाल आणि देवळालीला ने. बरी झाल्यावर कशाला? उद्याच.”

मी तिला समजावलं. देवळालीला मी अजून आजाराचं काहीच कळवलं नव्हतं. थोरली आत्या खेड्यातली बाई. हिला बघताच गळ्यात पडून हंबरडा फोडेल, चार बायका गोळा होतील, आणि हिला सगळं कळेल. मग ही जी काही हातपाय हलवतेय तेही बंद होईल. शिवाय मनमाड रोडचे खड्डे. लेक म्हणाली, “कळू दे ना.” मी म्हणाले, “दोन पुस्तकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवू नकोस.” भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. जाताना आत्याजवळ बराच वेळ बसली. तिनं काही सांगितलं नाही. माझा शब्द पाळला. पाळला नसता तर फार बरं झालं असतं.

स्टेंटचा गुण म्हणा, आत्याचे डोळे तोवर पांढरे झाले होते. तिनं आरसा मागवला, दोन बोटांनी पापणी खाली ओढून पाहिलं आणि लहान पोरीसारखी हसली. “उतरली!” देवळालीला जायची साडी काढून ठेवली. मग ती चालायची सवय करायला लागली, कारण स्टँडपासून थोरलीच्या घरापर्यंत बराच रस्ता होता आणि रिक्षानं उतरायचं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या दंडाला धरून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेली. आठवड्यानंतर तिथवर जाववेना, गल्लीतल्या लिंबापर्यंत. मग फाटकापर्यंत. कार्तिक संपता संपता पलंगापासून उंबऱ्यापर्यंत यायची आणि चौकट धरून उभी राहायची. प्रत्येक वेळी म्हणायची, “आज जरा कमी झालं. पथ्यानं ताकद यीना.”

“थोडं खा मग,” मी म्हणायचे. “बोंबील आणू?”

“आता हितवर आल्यावं इस्कटू का?”

मी तेव्हा सांगायला हवं होतं. उंबऱ्यात, भर दुपारी, ती चौकट धरून उभी असताना. शब्द तोंडापर्यंत येऊन परत जायचे. दर आठवड्याला ते सांगणं जास्त अवघड होत गेलं, कारण आता आजाराबरोबर मला माझं खोटंही सांगावं लागणार होतं. चार महिने तिला उपाशी ठेवलं हेही. मी भ्याले. ती खचेल याची भीती होती असं मी स्वतःला सांगत होते, पण खरं म्हणजे ती माझ्याकडे कशी बघेल याची मला भीती होती.

मार्गशीर्षात तिला थंडी वाजून ताप भरला. पिवळेपणा परत आला, या वेळी कातडीवरही. दवाखान्यात ठेवलं. तेच तरुण डॉक्टर म्हणाले, “आता दोन-तीन दिवस.” त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “भेटवलं का सगळ्यांना?” मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आत्या चांगली शुद्धीत होती. वॉर्डात ऊन आलं होतं. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “थोरलीला फोन लाव.”

माझ्या अंगात जीव आला. मला वाटलं, हिला कळलं. आता ही तिला बोलावणार, थोरली दीड-दोन तासांत येईल, आणि मला काहीच सांगावं लागणार नाही.

“तू बोलतेस?”

“मी कशाला बोलू? समोर जाऊन बोलंन. तू सांग. म्हनावं, ती बरी हाय. जरा कावीळ हुती, आता उतारावं हाय. फुडल्या आठवड्यात येतीय म्हनावं. चालत.” मग म्हणाली, “मोठ्यांदा ठिव, मला आयकू दे.”

थोरल्या आत्याच्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता. त्यानं फोन आईकडे दिला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता, ऊसतोड चालू असावी.

“कोन?”

“मी, भिंगारहून. तुमची भाची.”

“बोल पोरी. सगळं बरं हाय न्हवं?”

आत्यानं माझं मनगट दाबलं. मी म्हणाले, “आत्या सांगतेय, ती बरी आहे. कावीळ झाली होती, उतारावर आहे. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतेय. चालत येते म्हणाली.”

मग थोरली म्हणाली, “कावीळ? आन मला कुनी सांगितलं न्हाई? मी यिऊ का?”

मी आत्याकडे पाहिलं. तिनं उशीवरच मान हलवली. नको. मग ओठांनी दाखवलं, मीच.

“नको,” मी म्हणाले. “तीच येतेय.”

“बरं. यिऊ दे मंग.” थोरलीचा आवाज हलला. “म्हनावं, मी दारातच बसते.”

फोन बंद झाला. आत्याचा चेहरा इतका उजळला होता की बघवेना. “आयकलंस? दारात बसते म्हनली,” असं म्हणत तिनं डोळे मिटले. मी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. परत नंबर लावायचा आणि म्हणायचं, निघा, आत्ताच्या आत्ता निघा. अंगठा नंबरावर होता. पण मग आत्या विचारेल, ही कशी आली, मी तर नको म्हटलं होतं. तिनं आयुष्यात थोरलीला पाठवलेला तो एकमेव निरोप, आणि तो मी मोडला असं होईल. मी ठरवलं, संध्याकाळी बघू. संध्याकाळी तिची शुद्ध गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली, आणि मग मी फोन केला.

थोरली दुपारी पोचली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता, जीप दोन ठिकाणी थांबली होती. तोवर आत्याला पांढऱ्या वस्त्रात अंगणात ठेवलं होतं. मी ज्याला भ्याले होते तो हंबरडा थोरलीनं फोडलाच नाही. ती बहिणीच्या उशाशी बसली आणि तिच्या केसांवरून उलटा हात फिरवत राहिली. बुद्धवंदना झाली, पुरुष मंडळी तिला घेऊन गेली, बायका आत जाऊन बसल्या. थोरली माझ्याजवळ आली.

“काय हुतं तिला?”

मी सगळं सांगितलं. गाठ, डॉक्टर, कावीळ, पथ्य. कुणाला असं पहिल्यापासून सगळं सांगण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

“तुमाला कवा कळलं?”

“श्रावणात.”

“श्रावन,” ती म्हणाली आणि बोटांवर मोजू लागली. “भादवा. आसिन. कातिक.” मग थांबली. “आन तिला?”

“शेवटपर्यंत नाही.”

ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. मला ते हवं होतं. तिनं डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “काल मी फोनवं म्हनले हुते ना तुला, मी यिऊ का म्हनून?”

“हो.”

“तू नको म्हनलीस.”

“हो.”

“तू नुसती जरा रडली असतीस ना पोरी,” ती म्हणाली, “तर मी अनवानी पळत आले असते.”

मी रडले नव्हते. माझा एक शब्दही अडखळला नव्हता.